दोन नावांचा दगड

११ मार्च

ऑफिसातून दर वर्षी एक डायरी मिळते. आजवरच्या सगळ्या लावेनियाकडे जायच्या. चर्चच्या महिला मंडळात कुणी काय शिजवून आणायचं ते ती त्यांत लिहायची. यंदाची कोरीच राहिली, कारण वर्ष सुरू झालं तेव्हा ती हॉस्पिटलात होती.

परवा तिला पुरलं. एक्कावन्न वर्षांची होती. आधी साखरेचा आजार, मग पाय, मग मूत्रपिंडं. डॉक्टरांनी जे करता येतं ते सगळं केलं. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण मोआला बेटावरून मातीला आलेल्या बायका आपसात म्हणत होत्या, की ती तिकडेच राहिली असती तर. पुढचं कुणी बोलत नव्हतं. मी बोलतो. ती बेटावर राहिली असती तर कधीच गेली असती. तिकडे पंधरा दिवसांनी बोट येते, आणि दवाखान्यात एकटी नर्स असते. इथे आमच्या नांबुआतल्या घरापासून मोठं हॉस्पिटल टॅक्सीनं अगदी जवळ आहे. राजधानीत, सुवात राहण्याचा आणखी काय फायदा असतो?

आज दगड कोरणाऱ्याकडे गेलो. त्यानं विचारलं, एक नाव की दोन. पुष्कळ जण नवराबायकोचा एकच दगड करतात. मागे राहिलेल्याचं नाव आणि जन्मसाल आधीच कोरून ठेवतात. मी दोन म्हटलं. मुलगी वासेवा बरोबर होती. परतताना ती टॅक्सीत खिडकीबाहेर बघत बसली.

१४ मार्च

काल चौथी रात्र झाली. सगळे चटयांवर बसले आणि एकेकानं उठून, शंभराव्या रात्रीपर्यंत आपण काय सोडतो ते सांगितलं. माझ्या मोठ्या भावानं केस कापणं सोडलं. वासेवानं चॉकलेट सोडलं. नेमानी उठला आणि म्हणाला, यांगोना. मुळीचं ते गुंगीचं पेय त्याला रोज संध्याकाळी लागतंच. सगळे हसले. मागून कुणीतरी विचारलं, शंभर रात्री की शंभर मिनिटं? नेमानी हा लावेनियाचा धाकटा भाऊ. आम्ही मेव्हणे-मेव्हणे, त्यामुळे चेष्टा करण्याचा त्याला माझ्यावर पूर्ण हक्क आहे, आणि तो हक्क त्यानं मयताच्या घरातही सोडलेला नाही. शवपेटी उचलताना माझ्या कानाशी म्हणाला होता, "दाजी, पोट आत घे, नाहीतर पेटीच्या आधी तू खड्ड्यात जाशील."

माझी पाळी आली तेव्हा मी काही ठरवलेलं नव्हतं. उभा राहिलो आणि लावेनिया डोळ्यांसमोर आली. बेटावरून बोटीनं टोपली आली की ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसायची. बापाच्या शेतातले दालोचे, म्हणजे अळूचे, कंद, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, भाजलेला मासा. हातानं खायची आणि मधूनच हसायची. मी म्हटलं, दालो, कसावा, नीरफणस, पालेभाजी, मासे. तिच्या जमिनीतलं आणि तिच्या समुद्रातलं काहीही मी खाणार नाही.

बायका रडायला लागल्या. सासऱ्यांनी मान खाली घातली. मला बोलता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण काल मी एक गोष्ट बरोबर बोललो असं वाटलं.

२३ मार्च

मंडळी गेली. मामा आणि नेमानी शंभराव्या रात्रीपर्यंत इथेच राहतील. मामा म्हणजे सासरे. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत असं सांगतात.

आमच्यात सासरा आणि जावई एकमेकांशी थेट बोलत नाहीत. तो मान आहे, राग नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण मामांनी मला नावानं हाक मारलेली नाही. मी समोर बसलेलो असतो आणि ते वासेवाला म्हणतात, "तुझ्या बाबांना विचार, इथले लोक चर्चला गाडीनं का जातात? त्यांच्या पायांचंही काही सुतक आहे का?" वासेवा माझ्याकडे वळते. मी तिला सांगतो की पाऊस असतो, कुत्री असतात, फूटपाथ नाहीत. ती त्यांच्याकडे वळते. ते मान डोलावतात. पण पहाटे उठून ते समुद्राच्या भिंतीपर्यंत चालत जातात आणि चालतच परत येतात. परवा त्यांनी मागच्या गटारालगतच्या चिंचोळ्या पट्टीत कसावा लावला.

नेम चालू आहे. सकाळी पाव, लोणी, जाम, चहा. दुपारी ऑफिसखालच्या दुकानातलं तळलेलं चिकन आणि चिप्स. रात्री नूडल्स, त्यात डब्यातलं मांस. तसं बघितलं तर यात नवीन काही नाही. टोपली संपली की आम्ही दोघं हेच खायचो. दोघंही कामावरून थकून यायचो आणि बाजारातला दालो महाग असतो.

यंदासारखा तापलेला मार्च मला आठवत नाही. उशाशी पाण्याची मोठी बाटली ठेवतो, ती सकाळपर्यंत संपते.

३१ मार्च

चर्चनंतर कबरीवर गेलो. माती अजून बसलेली नाही. वरची केवड्याची चटई वाऱ्यानं उडाली होती, ती नीट केली. मग इकडेतिकडे फिरलो. कबरस्तानाच्या या भागात गेल्या काही वर्षांतलेच लोक आहेत आणि बरेचसे ओळखीचे आहेत. आमच्या खात्यातला इनोके, चौपन्न. आम्ही एकाच टेबलावर सुवाच्या रस्त्यांचे नकाशे काढायचो. पलीकडच्या गल्लीतली मिरियामा, अठ्ठावन्न. चर्चच्या गायकवृंदातला वाइसाले, एकोणपन्नास. तो भाषण करता करता खाली बसला आणि उठलाच नाही.

मोआलाचं कबरस्तान मी लग्नात पाहिलं होतं. तिथे बरीचशी वयं सत्तरीच्या पुढची होती. पण तिकडे पूर्वी जन्माच्या नोंदी धड नव्हत्या. लोक अंदाजानं वय सांगत असणार, आणि अंदाज नेहमी मोठ्या बाजूला झुकतो. मामांचंही एकदा तपासून पाहायला हवं.

परतताना बस मिळाली नाही म्हणून थोडं चाललो. काळे बूट मातीच्या दिवसासाठी घाईनं घेतले होते. जरा तंग आहेत, पण चावत नाहीत. घरी आल्यावर उजव्या मोज्याला करंगळीपाशी डाग दिसला. चिखल असेल.

९ एप्रिल

मामांनी कायमचं इथेच राहावं असं वासेवाच्या मनात आहे. या वयात डॉक्टर जवळ हवा, असं ती म्हणते. मलाही पटतं. आज ती त्यांना तपासायला घेऊन गेली. मीही गेलो.

तिथल्या सिस्टर अकोसिता लावेनियाच्या पायाची मलमपट्टी करायच्या. त्यांनी मामांचं रक्त तपासलं, दाब मोजला, मग यंत्र बिघडलंय का ते पाहायला स्वतःचा दाब मोजला. यंत्र ठीक होतं. "आजोबा," त्या म्हणाल्या, "तुम्ही इथे काय करताय? रांग मोडताय नुसती." मामा खूश झाले. वासेवाला म्हणाले, हिला मोआलाला सून करून ने.

मग सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, आलाच आहात तर तुमचंही बघू. मी म्हटलं, ऑफिसात नकाशा अर्धा टाकून आलोय, पुढच्या आठवड्यात येतो. हे खरं नव्हतं. नकाशा पूर्ण झाला होता. त्या टेबलावर लावेनियाचा हात पसरलेला मी इतक्या वेळा पाहिला आहे, की तिथे माझा हात ठेवावासा वाटला नाही.

१९ एप्रिल, गुड फ्रायडे

मामांची तब्येत उतरते आहे. घोटे सुजलेत. दोन आठवडे झाले, समुद्राच्या भिंतीपर्यंत गेलेले नाहीत. आधी एका कुत्र्यानं धरलं, मग एका मोटारीनं चिखल उडवला, आणि मग त्यांनी जाणं सोडून दिलं. रात्री बसच्या आवाजानं झोप येत नाही. दिवसभर टीव्हीसमोर बसतात. त्यांना तो समजत नाही. पाव चहात बुडवून खातात.

पाव का, हे मला आज नेमानीकडून कळलं. बोटीनं टोपली येते ती तो परस्पर शेजाऱ्यांना देऊन टाकतो. मामांनी तसं सांगितलंय. ज्या घरात जावयानं आपल्या मुलीसाठी दालो सोडला, त्या घरात सासऱ्यानं दालो शिजवून खायचा, हे त्यांना बरं दिसत नाही.

मी म्हटलं, त्यांना सांग, त्यांनी खावं, माझी काही हरकत नाही. नेमानी म्हणाला, "तुझी हरकत कोण विचारतंय? त्यांची लाज आहे ती. दाजी, मोठा नेम केलास हो. शंभर रात्रीत माझ्या बापालाही पुरून टाकशील."

तो हसला, मीही हसलो. पण ते दिवसभर मनातून गेलं नाही. वासेवाला म्हटलं, बघ, म्हातारपण कसं एकदम येतं. बरं झालं ते इथे आहेत, हॉस्पिटल जवळ आहे.

२८ एप्रिल

डोळ्यांना काहीतरी झालंय. नकाशावरच्या बारीक रेषा दुपारनंतर दुहेरी दिसतात. नवा चष्मा लागणार. साहेब म्हणाले, सुट्टी घ्या, दुःखानं असं होतं. ते चांगले आहेत.

वजन कमी झालंय. पट्ट्याला नवं भोक पाडलं. नेमानी म्हणतो, मयतात बारीक होणारा पहिला सुवाकर बघितला. मला वाटतं, नेमाचा हा एक चांगला परिणाम आहे.

७ मे

जे झालं ते क्रमानं लिहितो.

माझे बूट लपवायचा खेळ नेमानी आठवडाभर खेळत होता. एकदा पाण्याच्या टाकीवर, एकदा शेजारच्या कुत्र्याच्या खोक्यात. रोज सापडायचे. आज सापडले नाहीत. उशीर होत होता म्हणून मोज्यांवर चपला घालून ऑफिसला गेलो. शिपाई हसला.

दुपारी नेमानी ऑफिसात आला. तो या इमारतीत कधीच येत नाही, म्हणतो इथली हवा डब्यातली आहे. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत उजवा बूट होता. सगळ्यांसमोर माझ्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला. मला वाटलं, नवी चेष्टा.

"दाजी, मोजा काढ."

मी म्हटलं, इथे नको. तो म्हणाला, "काढतोस का मी काढू?" आवाजात हसू नव्हतं. मेव्हणा म्हणून तो मला कधी असं बोललेला आठवत नाही. मी मोजा काढला.

बुटाच्या आत करंगळीच्या जागी रक्त आणि पू वाळून घट्ट झाला होता. बोट काळं पडलं होतं. वास येत होता. तो वास मला यायला हवा होता. तो वास मी चांगला ओळखतो, गेल्या वर्षी तो आमच्या झोपायच्या खोलीत होता. पण मला दुखत नव्हतं. अजूनही दुखत नाही. नेमानीला मी तेच सांगत राहिलो, दुखत नाही रे. तो म्हणाला, "ताईपण हेच म्हणायची."

सिस्टर अकोसितांनी बोटाला सुई टोचली. यंत्रावर आकडा आलाच नाही, नुसतं जास्त असं आलं. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग समजावून सांगितलं. करंगळी जाणार. ती गेल्यावरही खाणं बदललं नाही तर पाऊल जाईल, आणि पुढचं तुम्हाला मी काय सांगायचं. पाव, नूडल्स, डबे, साखर बंद. पालेभाजी भरपूर, मासा, आणि पावाच्या जागी दालोचा लहान तुकडा.

मी म्हटलं, सतरा जूनपर्यंत ते जमणार नाही.

त्या इथल्याच आहेत. त्यांना विचारावं लागलं नाही, लगेच समजलं. पेन खाली ठेवलं. "कुणासाठी सोडलंत ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण भाऊ, तुमच्या पायाला नेम ठाऊक नाही."

१० मे

करंगळी काढली. मी खालच्या मजल्यावर आहे. लावेनियाचा वॉर्ड बरोबर वर होता. जेवणाची गाडी वरून खाली येते तेव्हा तिचं एक चाक तसंच वाजतं.

जेवणात कसावा आणि मासा होता. परत पाठवला. बाहेरच्या दुकानातून पाव आणायला वासेवाला सांगितलं. तिनं आणला नाही. खाटेच्या कडेला बसून राहिली आणि म्हणाली, "बाबा, आई काय म्हणाली असती?" मी म्हटलं, ती काही म्हणू शकत नाही म्हणून तर आपण नेम करतो. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या माणसानं त्याच्या पिशवीतली बिस्किटं दिली. त्याचा एक पाय गुडघ्याखाली नाही. माझ्यापेक्षा लहान आहे, बस चालवायचा. या खोलीत आम्ही आठ जण आहोत आणि साठीच्या पुढचा एकच आहे.

सिस्टर अकोसिता भेटायला आल्या. त्यांनी विचारलं, तुम्हाला बरं व्हायचंय ना? मी हो म्हटलं. त्या गेल्यावर लक्षात आलं की मी विचार न करताच हो म्हटलं होतं. मग विचार केला. सतरा जूननंतरचा दिवस डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. सकाळी उठायचं, चहा करायचा. कुणासाठी नेम नाही. तो दिवस मला दिसेना.

हे मी वासेवाला सांगणार नाही.

१३ मे

मामा भेटायला आले नाहीत. नेमानी म्हणाला की त्यांना पायऱ्या चढवत नाहीत. मार्चमध्ये ते नीरफणस काढायला झाडावर चढले होते.

१८ मे

आज घरी आलो. जे झालं ते अजून नीट उलगडलेलं नाही, पण लिहून ठेवतो.

टॅक्सीतून उतरलो तर घरात चटया अंथरलेल्या. लावेनियाच्या माहेरची सुवात असलेली मंडळी बसली होती. मामा मध्यभागी, अंगावर स्वच्छ सदरा आणि कमरेला काळा सुलू. घोटे कपड्यानं बांधलेले. मला त्यांच्या समोर बसवलं. पाय पुढे पसरू देत नाहीत, तरी मला उशी दिली आणि पसरू दिला. मला वाटलं, मामा परत जायला निघालेत आणि हा निरोप आहे.

मोठी मागणी करताना पुढे करतात तो देवमाशाचा दात नेमानीनं दोन्ही हातांत धरला आणि बोलायला सुरुवात केली. तोच नेमानी, पण आवाज दुसराच होता. तो म्हणाला, आमच्या मुलीसाठी या घरानं जे केलं ते आम्ही पाहिलं. नेम करणाऱ्याला स्वतःचा नेम मोडता येत नाही. पण ज्यांची ती होती, त्यांना तो परत घेता येतो. आज आम्ही तो परत घ्यायला आलो आहोत.

मी वासेवाकडे वळून म्हणालो, मामांना सांग, मला मान्य नाही. लोक काय म्हणतील ते सोड, तिला काय वाटेल? अजून एक महिना राहिलाय.

वासेवानं तोंड उघडलं. मामांनी हात वर करून तिला थांबवलं.

"एरोनी," ते म्हणाले.

मी खाली बघत राहिलो. सव्वीस वर्षांत त्यांच्या तोंडून माझं नाव आलेलं नव्हतं.

"माझं पहिलं पोर तापानं गेलं. त्याला मांडीवर घेऊन मी किनाऱ्यावर बोटीची वाट बघत होतो. बोट आली नाही. म्हणून लावेनिया झाली तेव्हा ठरवलं, हिला सुवात पाठवायची. डॉक्टरच्या सावलीत राहील. ती राहिली. सावली मिळाली तिला. माझं शेत मात्र टोपलीभरच मिळालं." ते थांबले, श्वास लागला होता. "कुठे चुकलं ते मला कळत नाही. दोन्हीकडे माझीच पोरं गेली. पण तू जे सोडलंस ते माझ्या जमिनीतलं आहे, पोरा. सोडताना मला विचारलं नाहीस. मी ते तुला परत देतोय. घे."

त्यांनी नेमानीच्या हातातला दात घेऊन माझ्यापुढे धरला. मी तो हातात घेतला. घ्यायचा की नाही हे मी ठरवलं नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाचे हात पुढे आलेले होते, एवढंच.

पद्धतीप्रमाणे टाळ्या झाल्या. मग नेमानी आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "आणि दाजी, आमची लेक-बहीण काही फुकट नव्हती. बदली द्यावी लागेल. पाव, डबे, नूडल्स, साखर. उरलेल्या रात्री हे सोडायचं. माझी यांगोना सुटली, तर तुझा पाव का नाही सुटणार?" कुणीतरी म्हणालं, त्यापेक्षा त्याचं दुसरं बोट मागा, ते तो सहज देईल. सगळे हसले. मामाही.

वासेवानं मासा आणला, वर अळूची पानं, कडेला दालोचा एक तुकडा. मामांच्या पुढेही तेच ठेवलं. त्यांनी खायला सुरुवात केली नाही. मला कळलं की ते माझी वाट बघताहेत. मी दालो मोडून पहिला घास घेतला. मग त्यांनी खाल्लं. दोन महिन्यांनी.

३० मे

मामा आज समुद्राच्या भिंतीपर्यंत गेले. मी काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलो आणि तिथेच उभा राहून त्यांची वाट पाहिली. कोपऱ्यावरचा दुकानदार विचारत होता, बऱ्याच दिवसांत पाव न्यायला आला नाहीत.

कोपऱ्यावर उभं राहून आमचा रस्ता पाहिला. हा मीच काढलेला आहे, वीस वर्षांपूर्वी. नकाशात फूटपाथ होता. नंतर गाड्यांसाठी रस्ता रुंद करायचा ठरला तेव्हा ती रेष मीच पुसली होती. काम होतं, केलं. त्या वेळी वाटलंही होतं की गाडी आली की सगळे लवकर पोहोचतील. कुठे, ते नकाशात नसतं.

सिस्टरनी वासेवाचंही रक्त तपासलं. काठावर आहे. चोवीस वर्षांची आहे ती. आता बसमधून दोन थांबे आधी उतरते आणि चालत येते. घरी येऊन सगळ्यांवर चिडते.

१८ जून

काल शंभरावी रात्र झाली.

ज्यानं जे सोडलं ते त्याच्यापुढे वाजतगाजत आणायचं, अशी पद्धत आहे. भावाचे केस कापले. नेमानीपुढे यांगोनाचं भांडं आलं. त्यानं तीन महिने थेंबही घेतला नव्हता. भांडं तोंडाला लावलं आणि रडला. कुणी त्याची चेष्टा केली नाही. मी करायला हवी होती, माझा हक्क होता. पण जमलं नाही.

मग माझी पाळी. चार पोरांनी खांद्यावरून एक चटई आणली. तिच्यावर हातभर लांब पाव, मांसाच्या डब्यांचा मनोरा आणि साखरेचं पोतं. पोत्याला फुलांची माळ. नेमानी डोळे पुसत उठला आणि मोठ्या सरदाराला नजराणा द्यावा तसं भाषण केलं. हे थोर पावा, तू आमच्या दाजीची फार सेवा केलीस, त्याचं एक बोटही घेतलंस, आता शंभर रात्री संपल्या, तो तुझी वाट बघतोय. लोक हसून चटईवर लोळत होते.

पद्धतीप्रमाणे मी त्यावर हात ठेवला, स्वीकारलं म्हणालो. मग उभा राहिलो. बोलायचं ठरवलं नव्हतं, पण मार्चमध्येही ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, ही माझ्या सासरची भेट आहे. ती मी इतक्यात उघडणार नाही. अजून शंभर रात्री. मागून कुणीतरी म्हणालं, कोण मेलं आता? मी म्हटलं, कुणी नाही. कुणी मरू नये म्हणून.

आज सकाळी दगड बसवला. वरची चटई काढली. डावीकडे लावेनिया, दोन्ही सालं. उजवीकडे एरोनी, १९६३, मग एक रेघ, आणि रेघेपुढे वीस. कोरणाऱ्यानं शतक आधीच कोरून ठेवलं होतं, पुढे दोन आकड्यांपुरती जागा सोडून. आपलं नाव दगडावर वाचताना कसं वाटतं ते मला लिहिता येणार नाही. मार्चमध्ये मी हे मागितलं होतं, हे आठवलं. तेव्हा ती जागा मला फार मोठी वाटली नव्हती.

नेमानी माझ्या शेजारी वाकून बराच वेळ दगड पाहत होता. म्हणाला, "दाजी, घाई नको. दोन आकडे मावतात. नव्याण्णवपर्यंत चालेल."

मामा हसले, इतके की वासेवाला त्यांना धरावं लागलं.

मी त्या मोकळ्या जागेवरून हात फिरवला. कोरणाऱ्यानं ती गुळगुळीत घासली आहे.

मोआलाची बोट आज संध्याकाळी सुटते. मामा परत निघालेत, त्यांच्याबरोबर मीही जातोय. साहेबांनी महिनाभराची रजा दिली आहे. पायाची पट्टी तिकडची नर्स बदलेल, सिस्टर अकोसितांनी तिला फोन केलाय आणि औषधं बांधून दिलीत. लावेनियाच्या वाटणीचा शेताचा तुकडा अजून तसाच पडून आहे म्हणतात. मी दालो कधी लावलेला नाही. महिन्याभरात तो तयारही होत नाही. पुन्हा जावं लागेल.

सगळे फाटकाकडे गेले. मी मागे थांबलो होतो. मामा काठी टेकत परत आले, वासेवाला नाही, नेमानीला नाही, मला म्हणाले, "चल पोरा. ती काही कुठे जात नाही."